विक्रेत्यांस सक्त मनाई

आमच्या सोसायटीच्या फाटकावर पाटी आहे: ‘विक्रेते, एजंट व देणगीवाले यांस सक्त मनाई. हुकुमावरून.’ हुकूम सेक्रेटरीकाकांचा, अक्षरही त्यांचंच. काका रेल्वेतून निवृत्त झाले, तरी लाल बावटा काही हातातून सुटला नाही.

पाटीबद्दल कुणी कुरकुरलं की काका थेट अमेरिकेत पोचतात. वायोमिंग राज्यात ग्रीन रिव्हर नावाचं रेल्वेचं गाव आहे. रात्रपाळी करून आलेले कामगार दिवसा झोपायचे आणि फिरते विक्रेते दारं ठोठावून त्यांना उठवायचे. म्हणून १९३१ साली गावाने नियमच केला, घरच्यांनी बोलावल्याशिवाय दारावर यायचं नाही. पुढे कित्येक गावांनी तो उचलला. “रेल्वेवाल्याच्या झोपेसाठी झालेला कायदा आहे हा!” मुलाकडे सहा महिने राहून आल्यापासून काकांना अमेरिकेतलं एवढं एकच पटलेलं आहे.

तरीही एखादं पोरगं बॅग घेऊन आत शिरतंच. “ओळखपत्र? वेळ ठरवून आलास? थेट विक्रीचे केंद्राचे २०२१ चे नियम आहेत, दोन्ही लागतं!” पोरगं घाम पुसत मागे फिरतं. “थांब. बॅगेत काय आहे?” फरशी पुसायचं औषध. काका झाकण उघडून वास घेतात, छापील किंमत वाचतात, निम्म्याला मागतात, मधेच कुठेतरी सौदा पटवून दोन बाटल्या घेतात. मग पोराला पाणी देऊन दम भरतात, “वरच्या मजल्यावर जायचं नाही. पाटी आहे.”

वासुदेवाला मात्र मुभा. ओहायोतल्या स्ट्रॅटन गावाच्या खटल्यात, दारोदार धर्मप्रचार करायला परवाना लागत नाही, असा निकाल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २००२ साली दिलाय म्हणे. बोहारीण काकूंच्या अखत्यारीत येते. तिथे कुठलंच कोर्ट चालत नाही.

श्रावण लागला की काका स्वतः पावतीपुस्तक घेऊन निघतात. गणपतीची वर्गणी. तीही रविवार सोडून भर दुपारी, कारण “तेव्हा माणसं बेसावध असतात.” यंदा तिसऱ्या मजल्यावर चार वेळा बेल वाजवल्यावर दार उघडलं. अमेरिकन कंपनीसाठी रात्रपाळी करणारा भाडेकरू डोळे चोळत उभा होता. त्याने पाटीची आठवण करून दिली. काकांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि पाचशे एकची पावती फाडली.