हेडलाइटचा स्विच घरीच बदला (सातारा-सांगली आवृत्ती)

साहित्य: दहाचा पाना, गोटी पान्यांचा सेट, फुल्लीचा स्क्रू ड्रायव्हर, बारा व्होल्टचा टेस्टर, नवा कॉम्बिनेशन स्विच आणि रविवारची सकाळ. बघे बोलवायची गरज नाही, बॉनेट उघडल्याच्या आवाजावर ते आपोआप जमतात. किर्लोस्करवाडी 1910 ची, साताऱ्यातला कूपरांचा कारखाना 1922 चा. शंभर वर्षं या दोन जिल्ह्यांत यंत्रं घडताहेत, त्यामुळे इथला माणूस जन्मजात मेकॅनिक असतो. दुसऱ्याच्या गाडीपुरता तर नक्कीच. (धनजीशा कूपर 1937 मध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते, पण काही महिनेच. बघ्यांच्या पदाला अशी मुदत नसते.)

आधी रोग ओळखा. एकच दिवा गेला असेल तर बल्ब नाहीतर फ्यूज बघा आणि ही माहिती मिटवून ठेवा. दोन्ही दिवे एकदम गेले, फ्यूज शाबूत आहेत, हॉर्न वाजतोय आणि दांडी बोटानं जरा वर रेटून धरली की उजेड पडतोय, तर स्विचच गेलाय. या अवस्थेत दांडीला सायकलच्या ट्यूबचा रबर बांधून आष्ट्यापासून सांगलीपर्यंत जाणारे महाभाग आहेत. त्यांच्यासाठी हा लेख नाही.

आता स्टीअरिंगच्या मध्यभागी बघा. तिथं ‘एअरबॅग’ किंवा ‘एसआरएस’ लिहिलेलं असेल तर पाना खाली ठेवा आणि गाडी जाणकाराकडं न्या. 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना चालकासमोरची एअरबॅग सक्तीची आहे. ती चुकून फुटली तर तुमचं नाक दिव्यांच्या आधी जाईल. खालची कृती जुन्या, बिनएअरबॅगच्या आठशे-अल्टोसारख्या गाड्यांची आहे. चाकणला बनलेली पोलो असेल तर तिचा दिव्यांचा गोल खटका डॅशबोर्डवर असतो. तो शून्यावर आणा, आत दाबा, दाबलेला ठेवूनच किंचित उजवीकडं फिरवा आणि ओढा. अख्खं युनिट हातात येतं. त्यात बघ्यांची फार निराशा होते.

दहाच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. ‘काय होतंय, बारा व्होल्ट तर हाय’ असं कुणीतरी म्हणेलच. त्याला गाडीपासून लांब बसवा. स्टीअरिंगखालच्या कव्हरचे स्क्रू काढा आणि वाटीत ठेवा. खिशात ठेवलेले स्क्रू धुण्याच्या मशीनमध्येच सापडतात. हॉर्नचं पॅड निघालं की मधला मोठा नट दिसेल. पुढची चाकं सरळ करून शाफ्टवर आणि स्टीअरिंगवर खडूची एक सलग रेघ ओढा, म्हणजे बसवताना ते वाकडं बसणार नाही. नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे राहू द्या. आता स्टीअरिंग दोन्ही हातांनी हलवत स्वतःकडं ओढा. ते हटून बसतं आणि मग एकदम सुटतं. तुमच्या दातांच्या रक्षणासाठी राहिलेले ते आटे आहेत. स्टीअरिंग सुटलं की नट काढा.

स्विचचे स्क्रू काढा, खालच्या कपलरचं लॉक दाबा आणि कपलर धरून ओढा. वायर धरून ओढाल तर पुढचा रविवारही इथंच जाईल.

जुना स्विच हातात आला की फेकू नका, कपलर नीट बघा. प्लॅस्टिक तपकिरी पडलंय? एखादी पिन वितळून बसलीय? मग स्विच मेलेला नाही, मारलेला आहे. कारण समोरच आहे. गळीत हंगाम सुरू झाला की रेठऱ्याला नाहीतर साखराळ्याला निघालेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ऊस ओढत रस्त्यावर असतो, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. समोरून येणारा प्रत्येक जण अप्परवर. मग आपणही दुकानात जाऊन 60/55 वॉटचे बल्ब काढतो आणि 100/90 चे घालतो. 60 वॉटचे दोन बल्ब बारा व्होल्टवर 10 अँपिअर ओढतात, 100 चे दोन साडेसोळाच्या वर. जुन्या गाड्यांत रिले बहुधा नसतो, म्हणजे हा सगळा करंट त्या बिचाऱ्या दांडीतून जातो. शिवाय समोरच्याच्या डोळ्यांत तिरीप जाते ती वेगळीच, आणि तोही उद्या तेच बल्ब घालून येतो.

नवा स्विच घेताना दुकानदार विचारेल, ‘मालक, कंपनीचा देऊ का लोकल?’ कंपनीचाच घ्या. लोकलची दांडी डिपर दिल्यावर परत अप्परवर यायला विसरते. जुना स्विच सोबत न्यायला विसरू नका, कारण एकाच गाडीच्या दोन मॉडेलांचे कपलर वेगळे असू शकतात.

बसवताना सगळं उलट क्रमानं. आधी कपलर ‘टक्’ वाजेपर्यंत, मग स्विच, मग खडूच्या रेघेवर स्टीअरिंग, मग नट. हा नट भरपूर आवळा. सगळ्या कामात हयगय चालणार नाही अशी जागा हीच. शेवटी बॅटरी. पार्किंग, डिपर, अप्पर, पासिंग, इंडिकेटर, हॉर्न सगळं तपासा. एखादा स्क्रू उरला तर बघ्यांपैकी कुणीतरी ‘कंपनी जास्तच घालते’ म्हणेल. ऐकू नका, त्याची जागा शोधा.

स्विच चालू झाला तरी काम अर्धंच झालंय. पुन्हा 60/55 चे बल्ब घाला. उजेड कमीच वाटत असेल तर काच पुसा, दिव्यांचं फोकस लावून घ्या आणि वायरमनकडून रिले बसवून घ्या. करंट बॅटरीतून थेट दिव्याला जातो आणि दांडीवर फक्त इशाऱ्यापुरता भार राहतो. आणि ट्रॉलीवाले दादा, तुम्ही हे वाचत असाल तर मागं एक लाल दिवा लावा, निदान रिफ्लेक्टर तरी पुसा.