खोक्यावरचा पल्ला

अंतर सांगण्याच्या बाबतीत आपण मराठी माणसं मोठी उदार. घाटात वाट विचारावी तर 'हे काय, टेकाडापल्याड' असं उत्तर येतं, आणि ते टेकाड दोन तास संपत नाही. या परंपरेत वाढलेला माझा एक सांगलीकर मित्र कोलोराडोत स्थायिक झाला आणि एल्कच्या शिकारीच्या नादी लागला. सांबराचाच हा थोराड भाऊबंद; नर तीनशे किलोंच्या घरात जातो. त्याच्यापुढं 'टेकाडापल्याड' चालत नाही, म्हणून मित्राला लेझरचा रेंजफाइंडर हवा झाला. लांब पल्ल्याचा, आणि स्वस्त.

आपल्याकडं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं हा शौक मोडीत काढला. तिकडं तो रीतसर आहे, पण कागदपत्रांसकट. 1949 पासून पुढं जन्मलेल्यांना शिकारशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, आणि रायफलच्या हंगामात अंगावर किमान 500 चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड. त्या वेशातला फोटो बघून सांगलीहून त्याच्या आईनं विचारलं, "काय रे, रस्त्याच्या कामावर लागलास का?"

यंत्राचं तत्त्व तसं सोपं. बटण दाबलं की डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड झोत सुटतो, समोर आपटतो, त्यातला कणभर उजेड परत येतो. जाण्यायेण्याला किती वेळ लागला, त्यावरून अंतर. शंभर मीटरवर जाऊन परतायला प्रकाशाला सेकंदाचा पंधरा लाखावा भाग पुरतो. हे मोजणारी वस्तू खिशात मावते आणि शंभर-दीडशे डॉलरपासून मिळते, याचंच खरं तर आश्चर्य वाटायला हवं. पण गिऱ्हाईक आश्चर्य करायला दुकानात जात नाही, खोक्यावरचा आकडा वाचायला जातं.

खोक्यावर ठळक छापलेलं असतं: 1000 यार्ड. खाली मुंगीच्या पावलांच्या अक्षरांत खुलासा, की हे चकाकत्या वस्तूसाठी, झाडासाठी कमी, हरणासाठी त्याच्या निम्म्याच्या आसपास. हरीण काही अंगावर आरसे लावून हिंडत नाही. त्याची कातडी मळकट, केसाळ, झोत गिळून टाकणारी. आरसाच धरायचा तर 1969 साली अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी चंद्रावर परावर्तक ठेवले, आणि त्यांच्यावर पृथ्वीवरून लेझर मारून शास्त्रज्ञ चंद्राचं अंतर आजही मोजतात. अर्थात त्यांच्या हाताशी दुर्बिणी अगडबंब. तरी एखाद्या कंपनीनं खोक्यावर 'चंद्रापर्यंत' छापलं तर मला नवल वाटणार नाही.

स्वस्ताईच्या शोधात माणूस हमखास गोल्फच्या रेंजफाइंडरपाशी पोचतो. दिसायला सख्खा भाऊ, किंमत कमी. घोटाळा असा, की गोल्फवाल्याला जवळची काठी हवी असते, मागची झाडी नको. म्हणून ते यंत्र सगळ्यात आधी लागेल त्याचं अंतर सांगतं. शिकाऱ्याचं नेमकं उलटं. एल्क झुडपांमागं उभा, आणि यंत्र प्रामाणिकपणे पुढच्या गवताच्या काडीचं अंतर कळवतं. दूरच्या वस्तूला मान देणारी सोय आहे का, हे आकड्याच्या आधी विचारावं.

दुसरी गोम झोताची. तो दोऱ्यासारखा सरळ जात नाही, टॉर्चच्या उजेडासारखा फाकतो. दर हजार यार्डांना दीड यार्ड फाकणारा झोत त्या अंतरावर जनावराच्या धडाहून मोठा होतो. मग निम्मा उजेड एल्कवर, निम्मा मागच्या डोंगरावर. त्यात हातही थरथरतो. तिवई घ्या, म्हणतो दुकानदार. म्हणजे आणखी डॉलर.

रॉकीजच्या उतारावर आणखी एक हिशेब असतो. तीस अंशांच्या चढावर यंत्र 400 यार्ड दाखवत असेल, तर नेम जवळपास 346 यार्डांचा धरावा लागतो, कारण गोळीला खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण आडवं अंतर मानतं. हे गणित स्वतः करणारं यंत्र थोडं महाग पडतं, आणि माझ्या मते वाढीव पैसे द्यायचेच तर तिथं द्यावेत. नाहीतर लाल अक्षरांच्या पडद्यावर. तिन्हीसांजेला, जेव्हा एल्क झाडीबाहेर येतो, तेव्हा काळे आकडे काळ्या झाडांत दिसेनासे होतात.

हजार यार्डांचा हट्ट मात्र मला पटत नाही. दोनशे यार्डांवर नेम बसवलेल्या नेहमीच्या रायफलची गोळी चारशेवर दीड-दोन फूट खाली उतरते, आणि पुढची उतरण झपाट्यानं वाढते. थिओडोर रूझवेल्ट यांनी 1887 मध्ये काढलेला बून अँड क्रॉकेट क्लब तर अतिदूरच्या नेमबाजीला शिकार म्हणायलाच नाखूश आहे. मित्राचा नेम तीनशे यार्डांपुढं डळमळतो, हे तो स्वतःच सांगतो. मग उरलेल्या सातशे यार्डांचं काय करणार, विचारलं तर म्हणाला, "बघायला चांगलं वाटतं रे."

शेवटी त्यानं मधल्या किमतीचं घ्यायचं ठरवलं, पण खोक्यावर विश्वास न ठेवता. दुकानदाराला वाहनतळावर नेलं आणि चकचकीत पाट्या सोडून पार टोकाच्या काळ्या गाडीच्या टायरवर यंत्र रोखलं. दुकानदार कळवळून म्हणाला, "पाटीवर धरा ना, साहेब."