पुटअप भाऊसाहेब

'सिंधुदुर्गनगरी' हे नाव पाटीवर आणि पत्रव्यवहारात. १९८१ साली रत्नागिरीपासून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, पुढे मुख्यालयाला हे भारदस्त नाव मिळालं, पण एसटीत तिकीट काढताना माणूस ओरोसच मागतो. 'सादर करणे'चंही तसंच. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाचा मान राखून टिप्पणीखाली 'मान्यतेस्तव सादर' असं सुवाच्य अक्षरात लिहिणारे आमचे भाऊसाहेब तोंडाने मात्र एकच क्रियापद चालवतात: पुटअप.

भाऊसाहेब म्हणजे कोणी एक नव्हेत. कुडाळ-कणकवलीहून सकाळच्या एसटीने उतरून, डबा कपाटात आणि छत्री खिडकीच्या गजाला लावून टेबलाशी बसणारा प्रत्येक कारकून थोडाफार भाऊसाहेबच. त्यांचं फाईल पुटअप करणं बघण्यासारखं असतं. आधी कागद टेबलावर उभे आपटून कडा जुळवायच्या. मग लेस ओवायची, गाठ ओढून बघायची, न पटल्यास सोडून पुन्हा बांधायची. अ, ब, क अशा पताका लावायच्या. समासाची जागा बोटाने चाचपायची. शेवटी तारखेसह आद्याक्षरी करून फाईल साहेबांच्या शिपायाच्या हाती सोपवायची आणि सासरी निघालेल्या लेकीकडे बघावं तसं दारापर्यंत बघत राहायचं.

एवढं झालं की भाऊसाहेब मोकळे. तुम्ही विचारा, "भाऊसाहेब, आमच्या कामाचं काय झालं?" उत्तर तयार: "पुटअप केलंय." महिन्याने विचारा, "पुटअप आसा." साहेब बदलून गेले तर, "नव्या सायबांका परत पुटअप करूचा लागात." आवाजात कुठेही चीड नाही. उलट "बसा, च्या घेवा" असतंच.

त्यांची खरी परीक्षा गणपतीत. मुंबईचा चाकरमानी मोजकी रजा घेऊन येतो आणि दीड दिवसाचं विसर्जन उरकून थेट ओरोसला. हातात सातबारा, सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची सगळी भाऊबंदकी, त्यातले अर्धे वारलेले आणि उरलेले नालासोपाऱ्यापासून डोंबिवलीपर्यंत पसरलेले. त्याला गाडी सुटायच्या आत निकाल हवा असतो. भाऊसाहेब चष्मा वर करून त्याला आंबोली, चौकुळ, गेळ्याच्या कबुलायतदार गावकर जमिनींच्या प्रश्नाची गजाल सांगतात. तो प्रश्न किती वर्षं टेबलं फिरला, किती साहेब आले नि गेले, हे ऐकता ऐकता चाकरमान्याला आपलं प्रकरण अगदी कालचं वाटू लागतं. तो शांत होऊन मालवणी खाजं ठेवून जातो. ते खाजं अख्ख्या शाखेला पुटअप होतं.

घरीही हीच पद्धत. बाजाराची यादी समास सोडून. मुलीला स्थळं आली तेव्हा कचेरीतल्या सहा गठ्ठे पद्धतीप्रमाणे त्यांची वर्गवारी झाली. पत्रिका जुळली पण निरोप आला नाही, ती 'प्रतीक्षाधीन' गठ्ठ्यात. नकार आला ती 'ड' वर्गात, म्हणजे वर्षभर ठेवून नष्ट करण्यासाठी. मुलीने परस्पर मुलगा ठरवून आणला, तेव्हा भाऊसाहेबांनी एवढंच विचारलं, "आवशीक पुटअप केलंस?" केलं होतं. मग त्यांची हरकत नव्हती.

त्यांचा भाचा शाळेत इंग्रजी शिकवतो. तो एकदा सांगू लागला की इंग्रजांच्या देशात छत्री उघडणं, भाव वाढवणं, पाहुण्याला मुक्कामाला ठेवून घेणं, सगळ्याला पुटअपच म्हणतात. भाऊसाहेब खूश. "म्हणजे आमची फायल सायबांकडे पावणी म्हणान रवली, तर चूक खंयची?" भाच्याने पुढे सांगितलं की त्याला 'विथ' जोडलं की अर्थ होतो सहन करणं. आतून मामींचा आवाज आला, "ता माका शिकवूक नको. बत्तीस वर्सां मी ताच करतंय."

गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचं झालं की लोक भाऊसाहेबांनाच पुढे करतात, कारण मुद्दा सोडून बोलणार नाहीत. अर्जदार कोण, विषय काय, मागणी काय, सगळं देवापुढे क्रमाने मांडतात. मागची मंडळी "व्हय म्हाराजा" म्हणतात आणि कौल लागतो. फूल उजवीकडे पडलं की मंजूर. परतताना भाऊसाहेब हेव्याने म्हणतात, "देवाकडे प्रतीक्षाधीन गठ्ठो नाय."

आता ई-ऑफिस आलं. लेस गेली, पताका गेल्या, बटण दाबलं की फाईल वर. भाऊसाहेबांनी तेही शिकून घेतलं, फक्त बटण दाबल्यावर अजून एकदा दाराकडे बघतात. पण रेंज गेली आणि वीस वर्षांपूर्वीचा आदेश हवा झाला, की तरुण साहेब स्वतः उठून त्यांच्या टेबलाशी येतात. भाऊसाहेब संगणकाकडे न बघता सांगतात: डावीकडचं कपाट, वरून दुसरा कप्पा, खाकी बासन. कागद तिथेच निघतो.

तेव्हा ओरोसला काम असेल तर आवक क्रमांक लिहून न्या, झेरॉक्सच्या दोन प्रती जादा ठेवा, आणि "झालं का?" असं न विचारता "कुठल्या टेबलावर आहे?" असं विचारा. मुख्य म्हणजे भाऊसाहेबांवर चिडू नका. त्यांनी आयुष्यात कसलाही निर्णय घेतलेला नाही हे खरं, पण कुणाचा कागद हरवलेलाही नाही. ते फाईल वर पाठवतात. खाली यायला जो उशीर होतो, तो वरचा.