मधल्या सुट्टीचा गुन्हा

"अगं, ऐकलंस का? त्या कोपऱ्यावरच्यांच्या मुलाला म्हणे पोलिसांनी धरलं!"

काकूंनी कुंपणापलीकडून बातमी टाकली आणि कढीपत्त्याला पाणी घालायचं सोडून त्या फळीला टेकल्या. काकू म्हणजे शेजारणीच्या आई. सांगलीकडच्या हायस्कुलातून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि सध्या मुलीकडे साउथ कॅरोलायनात, कोलंबियाला मुक्कामाला.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मंडळाच्या ग्रुपवर आलंय की. जेवणाच्या सुट्टीत पोरगं पाण्याची बाटली उडवत होतं, ती कुणाच्या तरी ताटात पडली, आणि पोलीस आला."

"पोलीस आला नाही हो काकू. पोलीस तिथंच असतो."

"शाळेत?"

"रोज. गणवेशात, कमरेला पिस्तूल लावून. रिसोर्स ऑफिसर म्हणतात त्याला. त्यानं फक्त बाटली उचलायला सांगितलं. शिक्षा दिली ती मुख्याध्यापकांनी. दोन दिवस वर्गात बसायचं नाही, वेगळ्या खोलीत बसून अभ्यास करायचा. सकाळीच बोलले मी त्याच्या आईशी."

"बघ बाई. आमच्या शाळेत पोलीस दिसायचा तो दहावीच्या परीक्षेला, केंद्राबाहेर. तोसुद्धा पोरांसाठी नाही, कॉप्या पुरवणाऱ्या त्यांच्या काकामामांसाठी."

"पण ग्रुपवाल्यांचंही अगदीच चुकलं असं नाही. दहा वर्षांपूर्वी ही बाटली महागात पडली असती. इथं कायदाच होता तसा. शाळेत व्यत्यय आणला की गुन्हा."

"असला कसला कायदा?"

"ऐका तर. इथल्या मुलींच्या कॉलेजाबाहेर टगे येऊन घुटमळायचे, मुलींच्या मागं लागायचे. त्यांना हुसकावायला १९१९ साली केलेला."

"म्हणजे आपलं दामिनी पथकच की! मग चांगलाच होता."

"तोवर चांगला. पुढं १९६८ साली, विद्यार्थ्यांची आंदोलनं चालू होती त्या दिवसांत, तो सगळ्याच शाळा-कॉलेजांना लावला. 'कोणत्याही प्रकारे, कोणत्याही ठिकाणी' विद्यार्थ्यांना किंवा शिक्षकांना त्रास दिला, आवारात उगाच रेंगाळलं, किंवा खटकेल असं वागलं, की गुन्हा. हजार डॉलरपर्यंत दंड, नाहीतर ९० दिवसांपर्यंत कैद."

"कोणत्याही प्रकारे? माझ्या आठवी 'ब'मधलं एक पोरगं बाहेर राहिलं नसतं. आणि खटकेल असं वागण्यात स्टाफरूममधले निम्मे आत गेले असते, ते वेगळंच."

"अनेक वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. मग नव्वदच्या दशकात शाळांमध्ये पोलीस नेमायला लागले. १९९९ साली कोलोरॅडोत कोलंबाइन हायस्कूलमध्ये गोळीबार झाला, त्यानंतर तर पोलीस असावाच असं आईबापांनाही वाटायला लागलं. बंदूकवाला येईल म्हणून ठेवलेला माणूस. आता बंदूकवाला काही रोज येत नाही."

"आणि रिकामा पोलीस काय करणार? दंगेखोर पोरं रोजच असतात."

"तेच झालं. आणि ते जगानं बघितलं ते आपल्याच गावात. ऑक्टोबर २०१५, स्प्रिंग व्हॅली हायस्कूल. बीजगणिताचा तास. एका १६ वर्षांच्या मुलीच्या हातात फोन. शिक्षक म्हणाले दे, तिनं दिला नाही. वर्गाबाहेर जा म्हणाले, गेली नाही. मग शाळेतले वरचे अधिकारी आले, तरी ती उठेना. मग बोलावला शाळेतला पोलीस."

"तीन मोठी माणसं आणि एक फोन!"

"त्यानं तिच्या मानेभोवती हात घालून तिला ओढलं. ती बाकासकट मागं पडली. मग तिला उचलून फरशीवर फरफटवली. मुलांनी व्हिडिओ काढले, ते जगभर फिरले. आणि वर्गात दुसरी एक मुलगी उठून उभी राहिली, ओरडायला लागली, बाकीच्यांना व्हिडिओ घ्या म्हणाली. तिलाही अटक."

"तिला का? तिनं काय केलं?"

"व्यत्यय आणला."

काकू काही क्षण बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "त्या वर्गात तेवढीच एक शहाणी होती म्हणायची."

"ती १८ वर्षांची होती, म्हणून तिला मोठ्यांच्या तुरुंगात नेलं. दोन दिवसांत शेरीफनं त्या पोलिसाला नोकरीवरून काढलं. पुढच्या वर्षी दोघी मुलींवरचे आरोप सोडून दिले. पण तोवर त्या दुसरीनं शाळाच सोडली होती. तिनं बाहेरून परीक्षा दिली."

"हं. आरोप गेला, पण शाळाही गेली."

"पण ती गप्प बसली नाही. २०१६ साली तिनं आणि इतर काही मुलांनी खटला घातला. 'केनी विरुद्ध विल्सन' म्हणतात त्याला. केनी ही मुलगी, विल्सन म्हणजे राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल. मुलांचं म्हणणं एकच, की या कायद्यावरून आम्हाला कळतच नाही काय केलं की अपराध होतो आणि काय केलं की नुसता दंगा."

"रास्त आहे. नियम असा पाहिजे की पोराला मोडायच्या आधी कळलं पाहिजे, मोडल्यावर नाही."

"खटला चालू असतानाच २०१८ साली विधिमंडळानं तो व्यत्ययाचा कायदा आवळला. आता तो बाहेरून येऊन शाळेत गोंधळ घालणाऱ्यांना लागू, त्याच शाळेच्या विद्यार्थ्यांना नाही."

"म्हणजे पुन्हा टग्यांवर आला. संपलं की मग."

"कुठलं संपतंय! शेजारीच दुसरा कायदा होता. सार्वजनिक ठिकाणी बेशिस्त वागण्याचा. खरं तर रस्त्यावरच्या दारुड्यांसाठी. पण त्यात असं आहे की दांडगाईनं, आरडाओरडा करत वागलं तरी गुन्हा, आणि शाळेच्या किंवा चर्चच्या ऐकू येईल इतक्या अंतरावर अर्वाच्य बोललं तरी गुन्हा. शंभर डॉलर दंड, नाहीतर ३० दिवस."

"ऐकू येईल इतक्या अंतरावर शिवी? अगं, आमच्याकडे मित्राला हाक मारायची तरी शिवीनंच सुरुवात! हा कायदा सांगली-कोल्हापुरात लावला तर तुरुंगात जागा पुरायची नाही आणि शाळांत फक्त मी आणि शिपाई उरायचो."

"कोर्टाचं म्हणणंही जवळजवळ हेच. २०२१ साली जिल्हा न्यायालयानं सांगितलं की दोन्ही कायदे शाळकरी मुलांना लावण्यापुरते घटनाबाह्य आहेत, इतके मोघम आहेत. राज्य सरकार अपिलात गेलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये चौथ्या सर्किटच्या, म्हणजे आपल्या भागाच्या, अपील कोर्टानं दोन विरुद्ध एक मतानं तोच निकाल कायम ठेवला. त्या निकालात एक फार मजेशीर वाक्य आहे. न्यायमूर्तींचा मथितार्थ असा, की हा बेशिस्तीचा कायदा शब्दशः घेतला तर मधल्या सुट्टीत शाळेच्या मैदानाजवळून जाणाऱ्याला भलामोठा गुन्हाच घडताना दिसेल."

काकू इतक्या मोठ्यानं हसल्या की पलीकडच्या अंगणातलं कुत्रं भुंकायला लागलं. "या न्यायाधीशांच्या घरात पोरं असणार, लिहून देते."

"सगळेच न्यायाधीश असे नसतात. न्यू मेक्सिकोत, अल्बुकर्कीला, २०११ साली १३ वर्षांच्या एका मुलाला पी.टी.च्या तासाला बेड्या घालून नेलं. कशाबद्दल, ओळखा."

"मारामारी?"

"ढेकर. मुद्दाम मोठमोठे ढेकर देऊन मुलांना हसवत होता. बाईंनी वर्गाबाहेर काढलं तर दारातून डोकावून पुन्हा तेच. शैक्षणिक कामात अडथळा, म्हणून बालसुधारगृहात रवानगी. आईनं खटला भरला. २०१६ साली दहाव्या सर्किटच्या कोर्टानं ठरवलं की पोलिसाला जबाबदार धरता येणार नाही. तिघांतल्या एका न्यायाधीशानं तेवढा वेगळा निकाल दिला. नील गोरसच त्यांचं नाव. वर्षभरात ते सुप्रीम कोर्टात गेले."

"अगं, असलं एक पोरगं प्रत्येक वर्गात असतं. त्याच्याकडे लक्ष दिलं नाही की दहा मिनिटांत त्याचे ढेकर संपतात. नाही संपले तर त्यालाच फळा पुसायला लावायचा, ओळी काढायला लावायच्या. पोट दुखेपर्यंत ढेकर कुणी देत नाही. पोलीस बोलावला म्हणजे बाईंनी हातच वर केले की!"

"इथं शिक्षकाचं काम पोलिसाकडे गेलं ते असंच, काकू. टेक्सासात तर पोलीस शाळेत पावत्या फाडायचे, सिग्नल तोडल्यासारख्या. वर्गात गडबड केली, घे पावती. मग मुलानं आईला घेऊन कोर्टात हजर राहायचं, पाचशे डॉलरपर्यंत दंड. २०१३ साली तिथल्या विधिमंडळानं ते बंद केलं. माझी नणंद व्हर्जिनियात आहे, तिथं २०२० साली सरळ कायद्यातच लिहिलं की विद्यार्थ्यानं आपल्या शाळेत किंवा शाळेच्या बसमध्ये केलेल्या दंग्याला हे कलम लावायचंच नाही."

"आणि बाकी ठिकाणी?"

"प्रत्येक राज्याचं वेगळं. आपला निकाल आपल्या राज्यापुरता. म्हणून मंडळात सगळ्यांना सांगत असते मी, दुसऱ्या राज्यात बदली झाली की घराबरोबर तिथल्या शाळेचे नियमही बघा."

काकूंनी फळीवर बोटानं ठोकलं. "आपल्याकडे सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या वेळी छडी होती, अंगठे धरणं होतं. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं त्यावर बंदी आणली ते बरंच झालं. आणि रस्त्यावरच्या दंग्याला आपल्याही पोलिसांकडे महाराष्ट्र पोलीस कायद्यातलं ११०-११७ असतंच. पण अठराच्या आतल्या पोराला लॉकअपमध्ये टाकता येत नाही. किरकोळ गोष्टीत साधा एफआयआरसुद्धा नाही, ठाण्याच्या डायरीत नोंद करायची आणि आईबापांना बोलवायचं. २०१५च्या बाल न्याय कायद्यात आणि त्याखालच्या नियमांत आहे ते. निवृत्त झाल्यावर एका शिबिरात हेच शिकवायचे मी."

"इथं मात्र पोराच्या नावानं कागद तयार होतो, तो मागं लागतो. म्हणून तर कोर्टानं या कलमांखालचे जुने कागदही ठेवायचे नाहीत असं सांगितलं."

"आपल्याकडे त्याची जागा दाखल्यावर. शाळा सोडल्याच्या दाखल्यात 'वर्तणूक' म्हणून एक रकाना असतो. कित्येक पालक पायावर डोकं ठेवायचे, बाई, 'चांगली' लिहा हो. मी सगळ्यांचीच 'चांगली' लिहायचे. पंधरा वर्षांच्या पोराची वर्तणूक एका शब्दात कशी मावायची?"

"काकू, त्या खटल्यातली एक गोष्ट मला सारखी टोचते. त्या बेशिस्तीच्या कलमाखाली काळ्या मुलांना धरायचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या सुमारे सातपट होतं."

काकूंचा हसरा चेहरा बदलला. "सात?"

"सात. फोन तोच, आवाज तोच, हसणं तेच."

"मग तुझा तो कायदा म्हणजे गोधडी झाली. ज्याच्या हातात आहे त्यानं हवं त्याच्या अंगावर टाकायची. स्पष्ट नियम असला तर पोलिसाला विचारता येतं, हा कुठं मोडला? 'दांडगाई' म्हटलं की काय विचारणार? बघणाऱ्याच्या डोळ्याला जे दिसलं ते खरं. आणि आम्ही वेगळे होतो असं समजू नकोस. स्टाफरूममध्ये काही हरवलं की पहिलं नाव वस्तीवरच्या पोराचंच निघायचं. डॉक्टरांचा मुलगा ओरडला तर खोडकर, आणि तो ओरडला तर गुंड."

"हो, पण एक बाजू मोठ्यांचीही आहे. मारामारी, चाकू, धमक्या यांवरचे कायदे आहेत तसेच आहेत. उलट २०१८ साली धमकीचं वेगळं कलमच घातलं. मस्करीत का होईना, 'उद्या शाळेत सगळ्यांना संपवतो' असं मुलानं मेसेजमध्ये लिहिलं, तर इथं कुणी हसत नाही. ते मात्र मी आमच्या चिरंजीवांना घोकून घेतलंय."

"ते बरोबरच. आणि पोलिसानं काही विचारलं तर?"

"तेही शिकवलंय. उद्धटपणा करायचा नाही, पळायचं नाही, 'आईला फोन करा' म्हणायचं. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनातली केस आहे, १३ वर्षांच्या मुलाला वर्गातून काढून शाळेच्याच खोलीत पोलिसांनी चौकशीला बसवलं, चोरीच्या संशयावरून. २०११ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, अशा वेळी मुलाचं वय लक्षात घ्यायलाच हवं. मोठ्या माणसाला वाटतं, उठून जाता येईल. मुलाला तसं वाटत नाही."

"अगं, शाळेत पोर मुतायला जायचं तरी हात वर करतं. ते पोलिसासमोरून उठून जाणार कसं? हे कळायला सुप्रीम कोर्ट लागावं!"

आतून शेजारणीनं चहाची हाक मारली. काकू निघाल्या, आणि अर्ध्यातून परत आल्या.

"एक सांग. उद्या पुन्हा एखादीनं फोन दिला नाही आणि जागची उठली नाही, तर आता इथं करायचं काय?"

"निकालाप्रमाणं, नुसत्या तेवढ्यासाठी बेशिस्तीचं कलम लावता येत नाही. शिक्षकांनी बघायचं, मुख्याध्यापकांनी बघायचं. आईबापांना बोलवायचं, समुपदेशकाकडे पाठवायचं, तास संपेपर्यंत तसंच शिकवायचं."

"म्हणजे कोर्टानं मास्तरांचं काम मास्तरांना परत दिलं."

"तसंच म्हणायचं."

"आणि पगार वाढवायचं काही म्हणाले?"

"नाही."

"मग राहू दे. न्यायाधीश तुमचे असोत की आमचे, मास्तरांच्या बाबतीत सगळ्यांचं एकमत!"