शेफकाका घरी असतात

प्रत्येक सोसायटीत एक निवृत्त बँकवाले, एक निवृत्त रेल्वेवाले आणि पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरीला पत्रं लिहिणारे एक निवृत्त मास्तर असतातच. हल्ली त्यांच्यात निवृत्त शेफची भर पडली आहे. 1954 साली मुंबईत केटरिंग कॉलेज निघालं, पुढे सगळे त्याला 'दादर केटरिंग' म्हणू लागले, आणि ऐंशीच्या सुमारास गिरगाव-डोंबिवलीकडची मराठी मुलंही तिथे जाऊन पांढरे कोट घालू लागली. ती पिढी आता साठीला आली. मुलगा तिथे लागला की वडील नातेवाइकांना 'हॉटेल मॅनेजमेंट करतोय' असं सांगत. 'हॉटेल' हळू आणि 'मॅनेजमेंट' मोठ्यानं. घरातल्या आज्या मात्र तेवढ्यावर फसत नसत. "म्हणजे आचारीच ना?" असं त्या भर मंडळींत विचारत.

आमच्या बिल्डिंगमधले शेफकाका याच पिढीतले. त्यांची नोकरीतली पहिली काही वर्षं बटाट्यात गेली. सालं काढणं वेगळं. ती कुणीही काढतं. काकांना फ्रेंच पद्धतीनं 'टुर्ने' करायचं होतं, म्हणजे बटाट्याला सात पैलू पाडून त्याचं बोटभर लांबीचं पिंप करायचं. सहा पैलू पडले तर वरचा शेफ ते पिंप कचऱ्यात टाके आणि काकांच्या वडिलांचा उद्धार करी. हॉटेलच्या किचनमधली ही उतरंड ऑग्युस्त एस्कॉफिए नावाच्या फ्रेंच शेफनं बसवली. ते गृहस्थ 1870 च्या युद्धात सैन्यासाठी स्वयंपाक करत होते. युद्ध संपलं, पण पलटण त्यांनी हॉटेलात आणून ठेवली. तेव्हापासून सगळ्यात खाली कॉमी, त्याच्यावर शेफ द पार्ती, त्याच्यावर सू शेफ, आणि प्रत्येक वाक्याला एकच उत्तर, 'येस शेफ'.

या शिडीनं चढत चढत काका एक्झिक्युटिव्ह शेफ झाले. बाहेरच्या लोकांना एक गोष्ट ठाऊक नसते. या पदाला पोचलेला माणूस स्वयंपाक करत नाही, सह्या करतो. स्टोअरच्या इंडेंटवर, ड्यूटीच्या रोस्टरवर, फूड कॉस्टच्या तक्त्यावर. तो जेवतही नाही, नुसती चव घेतो. दिवसभर चमच्याचमच्यानं पन्नास पदार्थ जिभेवर टेकवायचे, आणि भूक लागलीच तर स्टाफ कँटीनच्या कोपऱ्यात उभ्या उभ्या डाळभात लोटायचा. लोक दिवाळीत बाहेर जेवतात म्हणून यांची दिवाळी हॉटेलात, लोक 31 डिसेंबरला नाचतात म्हणून यांची ती रात्रही हॉटेलात. शेवटच्या लोकलनं घरी आले की काका मेतकूट-भात खात आणि झोपत.

इकडे बायकांच्या भिशीत काकूंना सगळ्या म्हणत, "तुमची बाई मजा आहे, घरात शेफ!" काकू हसून मान डोलवत. लग्न झाल्यापासून नवऱ्यानं घरात चहासुद्धा केलेला नाही, हे सांगून कुणाला पटलं नसतं.

मग काका निवृत्त झाले.

पहिल्याच सोमवारी त्यांनी घरच्या स्वयंपाकघराचं ऑडिट केलं. फ्रीजमधल्या प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी चिकटली. जुना माल आधी वापरायचा, नवा मागे ठेवायचा, या नियमाप्रमाणे डब्यांच्या रांगा लागल्या. आजींनी दोन उन्हाळ्यांपूर्वी घातलेल्या मोरांब्यावर 'तपशील अनुपलब्ध, नष्ट करावा' असा शेरा पडला. आजी पंच्याऐंशीच्या आहेत. त्यांनी ती बरणी उचलून आपल्या पलंगाखाली नेऊन ठेवली आणि लेकाला म्हणाल्या, "तपशील मी आहे." पुढे विळी बाद झाली आणि रंगीत चॉपिंग बोर्ड आले. लालवर कच्चं मटण, निळ्यावर मासे, हिरव्यावर भाजी. घर शाकाहारी असल्यामुळे लाल आणि निळा बोर्ड अजून कोरे आहेत. थर्मामीटर तर गोड्या वरणातही बुडू लागला. 5 ते 60 अंशांच्या मधे अन्न फार वेळ राहिलं की जंतू वाढतात, हे काकांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं; पण या हिशेबानं काकूंचं उभं आयुष्य धोक्याच्या पट्ट्यात गेलं होतं, आणि त्या ठणठणीत होत्या.

त्यानंतर काका प्रत्यक्ष ओट्याशी उभे राहिले, आणि खरी पंचाईत झाली.

हॉटेलचा हात दोनशे माणसांचा असतो. तो तिघांवर येताना मधे कुठे तरी चाळिसावर अडकतो. पहिल्याच दिवशी काकांनी लाल, पिवळी आणि पांढरी अशा तीन ग्रेव्ह्या करून ठेवल्या. हॉटेलात ते बरोबर असतं. मेन्यूवर भाज्या कितीही असोत, खाली या तीन-चार ग्रेव्ह्याच असतात. ऑर्डर आली की पळीभर ही, अर्धी पळी ती, आणि दहा मिनिटांत पदार्थ पासवर, म्हणजे वेटर ताटं उचलतात त्या खिडकीत. घरी त्या ग्रेव्ह्या तीन आठवडे संपेनात. दुधी पांढऱ्या ग्रेव्हीत आला, पडवळ लाल ग्रेव्हीत आलं. गवारीवर काजूची पेस्ट आली, त्या दिवशी आजींनी ताट किंचित पुढे सरकवलं आणि मोरांब्याची बरणी मागवली.

एकदा त्यांनी काळी डाळ मंद आचेवर रात्रभर ठेवली. चव अप्रतिम, यात वाद नाही. आमच्याकडेही वाटी आली होती. पण घरगुती सिलिंडर असतो 14.2 किलोचा, हॉटेलातला 19 किलोचा, आणि हॉटेलात तो संपला की दुसरा कुणी तरी लावतो. इथे सकाळच्या चहाला गॅस नव्हता. भेंडीचं उलटंच झालं. हॉटेलच्या भट्टीची आच अशी की भेंडी पडताक्षणी चुरचुरते. घरच्या बर्नरवर तेवढीच रास एकदम टाकल्यावर कढईचा दम गेला, भेंडीला पाणी सुटलं आणि तारा निघाल्या. काकांनी बर्नरला दोष दिला. काकू म्हणाल्या, "अहो, अर्धी अर्धी टाका." हा सल्ला दादर केटरिंगमध्ये मिळाला नसेल असं नाही, पण तिथून निघाल्याला फार दिवस झाले होते.

सगळ्यात जास्त सोसलं ते भांडीवाल्या मावशींनी. हॉटेलात भांडी घासायला अख्खं खातं असतं. शेफ हात मागे करतो, भांडं हातातून जातं आणि चकचकीत होऊन परत येतं. मधे काय घडतं हे बघायची त्याला सवय नसते. काका कांदा परतायला एक पातेलं घेत, तो काढायला दुसरं, मसाल्याला तिसरं, आणि प्रत्येक वेळी चव बघायला नवा चमचा. पोहे रिंगमध्ये दाबून थाळीच्या मधोमध उलटे करत आणि वर घड्याळातल्या दोनच्या जागी कोथिंबिरीचं एक पान. मावशींनी आठवडाभर बघितलं. मग एका सकाळी पदर खोचून त्या काकांसमोर उभ्या राहिल्या.

"काका, घरात माणसं तीन. भांडी लग्नाची. काय चाललंय?"

काकांनी समजावायला सुरुवात केली. मावशींनी ती ऐकून घेतली नाही. एक कढई, एक पातेलं, एक झाकणी आणि कुकर, याच्या वर जे पडेल ते ज्यानं पाडलं त्यानं घासायचं, असा त्यांचा निकाल होता. माझ्या मते काकांच्या दुसऱ्या शिक्षणाची सुरुवात इथून झाली. एकच कढई मिळाली की माणसाला डोकं वापरावं लागतं. फोडणी आधी, कांदा त्यातच, भाजी त्यावर, पाणी झाकणीवर ठेवून वाफ. जगातल्या कोट्यवधी घरांत हे असंच चालतं, आणि त्याला फ्रेंच नाव नाही.

पुढचा धडा पोळीचा. काकांनी क्रोसाँ हजारोंनी केलेले. मैद्यात लोण्याची लादी गुंडाळायची, लाटायची, तीन घड्या. असं तिनदा केलं की लोण्याचे 27 थर होतात. हे ते सांगू लागले की काकू भांडी आवरायला उठत. पण घडीच्या पोळीला काकांनी आयुष्यात हात लावला नव्हता. हॉटेलात तंदूर सांभाळणारा उस्ताद वेगळा, त्याच्या प्रांतात शेफही जरा बिचकूनच जातो. काकांची पहिली पोळी श्रीलंकेच्या नकाशासारखी झाली. काकूंनी लाटणं घेतलं, पुरीएवढं लाटलं, बोटानं तेल फिरवलं, चिमूटभर पीठ भुरभुरलं, अर्धी घडी, तेल, पीठ, पुन्हा घडी. मग त्या त्रिकोणाच्या फक्त कडा लाटत तो गोल केला. मधे लाटणं जवळजवळ टेकलंच नाही. तव्यावर टाकल्यावर पोळी फुगली आणि तिचे पदर सुटले. काका वाकून बघत होते.

"हे लॅमिनेशनच आहे," ते म्हणाले.

"असेल," काकू म्हणाल्या. "दुसरी तुम्ही करा. आणि मधे दाबू नका."

मापांचंही असंच. काकूंकडे कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आहे, 1970 मध्ये आलेलं पुस्तक. पानांना तेल लागलेलं, अनारशाच्या पानाशी जुन्या दुधाच्या कार्डाची खूण. त्यात मापं वाटी-चमच्याची. काकांनी विचारलं, "वाटी म्हणजे किती मिली?" काकूंनी फळीवरून कडेला पोचा गेलेली स्टीलची वाटी काढून समोर धरली. "ही." काकांनी त्या वाटीत मेजरिंग जगनं पाणी ओतून पाहिलं आणि वाटीच्या बुडाला चिठ्ठी लावली. चिठ्ठी दुसऱ्या दिवशी मावशींनी घासून काढली.

तरी इथवर काका नुसते शिकत होते. त्यांना मजा येत नव्हती. ती आली लेकीच्या बाळंतपणाला काकू पुण्याला गेल्यावर. घरात काका आणि आजी. आजींचं जेवण म्हणजे मऊ भात, गोडं वरण, तूप, लिंबाची फोड. यात सजवायला जागाच नाही. काकांनी ताट पुढे ठेवलं आणि स्वतः ओट्याला टेकून वाटीतून भुरके मारू लागले.

"आधी बस," आजी म्हणाल्या.

"होतंय माझं, आई."

"उभ्यानं जेवलेलं अंगी लागत नाही. बस."

काका बसले. आजी दातांची कवळी सांभाळत सावकाश जेवतात, त्यामुळे त्यांनाही सावकाश जेवावं लागलं. एक अख्खं जेवण, पहिल्या घासापासून ताकापर्यंत, बसून. दुसऱ्या दिवशी आजी म्हणाल्या, "आज हिंग पुढे आलाय. काल बरं होतं." तिसऱ्या दिवशी डाळ जरा दाटच ठेव, चौथ्या दिवशी जिरं नको. काकांनी हे सगळं मला जिन्यात उभं राहून सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

"अहो, तिला कालचं वरण आठवतं!"

त्यातलं नवल समजायला हॉटेलात राबावं लागतं. तिथे सगळी अक्कल एकाच गोष्टीत: आज आलेल्या माणसाला मिळालेला पदार्थ कालच्यासारखाच हवा, उद्याही तसाच. खाणारा कोण, त्याला काल काय झालं होतं, त्याचं पोट बिघडलंय की लेकीचा फोन आला नाही, हे पासच्या अलीकडे कळत नाही. तिथे येतं ते फक्त चिटोरं: टेबल नंबर, दोन डाळ, तीन रोटी. काकांनी इतकी वर्षं चिटोऱ्यांना जेवू घातलं होतं. आता समोर खाणारी बाई होती, आणि तिच्यासाठी वरण रोज थोडं बदलायची मुभा होती. आमटी आज पातळ चालेल. उद्या आमसूल, परवा चिंच. वांगी बाजारात बरी नसतील तर सरळ पिठलं. त्याला कुणाची सही लागत नाही.

काकू काही महिन्यांनी परत आल्या तेव्हा फ्रीजमधल्या चिठ्ठ्या गेल्या होत्या, ग्रेव्ह्या गेल्या होत्या, आणि काका सकाळी भाजीवाल्याशी पाच रुपयांच्या कोथिंबिरीवरून घासाघीस करत होते. पहिल्या दिवशी त्यांनी काकूंना भरली वांगी वाढली. गोडा मसाला, दाण्याचं कूट, चिंच-गूळ, बाकी काही नाही. काकूंनी घास घेतला, दुसरा घेतला आणि म्हणाल्या, "बरी झालीयेत."

मराठी घरातून याहून वरची पदवी दिली जात नाही. मिशेलिनवाले निदान एकाचे दोन, दोनाचे तीन तारे करतात. आपल्याकडे 'बरं झालंय' नंतर थेट 'अजून आहे का?' एवढंच. काकांना ते माहीत असावं, कारण ते मुकाट्यानं भांडं घेऊन आले.

फार सुधारले आहेत असंही समजू नका. लग्नाच्या पंगतीत ते अजून केटररच्या मागच्या तंबूत डोकावून तेलाचा रंग बघून येतात. कांदा कुणी जाडाभरडा चिरला तर त्यांच्या मानेची शीर उडते. गेल्या रविवारी तर त्यांना अचानक भाज्यांची बिर्याणी दमाला लावायची हुक्की आली, पिठानं झाकण बंद करून, निखारे वर ठेवून. हंडी, परात, तीन पातेली. म्हणजे मावशींच्या करारात न बसणारं प्रकरण. परवानगी मागावी लागली. मावशींनी अटी घातल्या: हंडी स्वतः घासायची, आणि एक डबा त्यांच्या घरी.

सोमवारी मावशी डबा परत करत म्हणाल्या, "चांगली होती. केवडा जरा जास्त झालाय."

काका दुपारभर बिल्डिंगमध्ये प्रत्येकाला हे सांगत फिरले. "बरोबर आहे तिचं! अर्धा चमचा जास्तच पडला होता, बाटली निसटली हातातून. हॉटेलात किती वेळा पडला असेल, एका गेस्टानं कधी ओळखलं नाही!"

येत्या रविवारी पुन्हा करणार आहेत, केवडा मोजून. मावशींनी मोठा डबा आधीच आणून ओट्यावर ठेवला आहे.