नाणेवाले तात्या

नगरच्या कापड बाजारात सगळं घर बस्ता बांधण्यात गुंतलेलं असताना जो गृहस्थ भांड्यांच्या दुकानात मोडीचा डबा उपसत बसलेला दिसेल, तो नाणेवाले तात्या समजावा. खिशात भिंग आणि लोहचुंबक, पिशवीत सोनाराकडचा छोटा काटा. सेवानिवृत्तीनंतर कुणाला गुडघेदुखी लागते, तात्यांना तांबं लागलं.

नवखा दिसला की तात्या खुलतात. पोराने कौतुकाने चकचकीत शिवराई पुढे केली, की पहिला हात कपाळाला.

"चिंच लावलीस? अरे, आंघोळ तू करायची, नाण्याला नाही घालायची! तो काळसर थर चढायला दोनशे वर्षं लागली. पार वाया घालवलंस."

मग पाठ सुरू होतो. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी निघालेली ही शिवराई पुढे पेशवाईतही पाडली गेली. "शिवराई मिळाली की जो तो म्हणतो, महाराजांच्या काळातली. बहुतेक दुदांडी निघते, पेशवाईतली. ह्या बघ दोन आडव्या रेघा. पण सुरुवात हिच्यापासूनच कर. स्वस्त आहे, भरपूर आहे आणि मुख्य म्हणजे वाचता येते."

निजामशाहीच्या तांब्यावर फारसी अक्षरं. ती तात्यांनाही वाचता येत नाहीत. नाणं बुऱ्हाणशहाचं की मुर्तजाचं, हे ते समोरच्याच्या तोंडाकडे बघून ठरवतात. फारच नेट लावला तर "नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, तिथे विचार," म्हणून मोकळे.

भोंदूपणाची मात्र त्यांना मनस्वी चीड. 1818 सालचं, राम-सीतेची छाप असलेलं 'कंपनी सरकारचं नाणं' कुणी दाखवलं तर म्हणतात, "कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही." तांदूळ ओढणाऱ्या नाण्याचा विषय निघाला तर, "तांदूळ ओढणारं नाणं नसतं रे, पैसे ओढणारा माणूस असतो!"

नांगराला लागलेलं नाणं आलं की आवाज एकदम खाली. "पुरलेलं धन दहा रुपयांवरचं असेल, तर कलेक्टरला कळवावं लागतं. 1878 चा कायदा आहे. तू मला काही दाखवलेलं नाहीस. थांब, जरा वजन करू दे."

तात्या नाणी विकत नाहीत. "छंदाचा धंदा करू नये," हे त्यांचं ब्रीद. ते फक्त अदलाबदल करतात. बहुतेक शिवराई नाण्यांवर ठसा पुरता मावत नाही, कडेची अक्षरं कापली जातात. पोराच्या त्या 'वाया गेलेल्या' शिवराईवर 'छत्रपति' अख्खं उमटलेलं असतं. तासाभराने पोरगं दोन गुळगुळीत ढब्बू खिशात घालून खुशीत घरी जातं आणि शिवराई तात्यांच्या डब्यात.

तेव्हा नवख्यांनो, सल्ला तात्यांचाच घ्या, तो शंभर नंबरी असतो. अदलाबदलीला मात्र घरचं एखादं वडीलधारं माणूस सोबत न्या.