सहकुटुंब, सहपरिवार रोलर कोस्टर
नवशिक्यांसाठी पायरीवार मार्गदर्शन

रोलर कोस्टर दोन प्रकारचे असतात. पहिल्यावर माणसं जिवावर उदार होऊन बसतात. अबू धाबीतला, ताशी २४० किलोमीटर वेगाने सुटणारा 'फॉर्म्युला रोसा' त्यातला. दुसरा प्रकार कौटुंबिक. त्याला धाडस लागत नाही, घरातल्या सगळ्यांचं एकमत लागतं. म्हणजे तो जास्त अवघड. म्हणून हे मार्गदर्शन.

सरावासाठी फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधली 'सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन' घेऊ. स्नो व्हाइटच्या गोष्टीतले सात बुटके, त्यांची रत्नांची खाण आणि त्या खाणीतून धावणारी गाडी असा हा मामला. २०१४च्या मे महिन्यात तो सुरू झाला. मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला गेलेल्या आईबाबांना आज ना उद्या ऑरलँडोला नेलं जातंच, त्यामुळे सराव वाया जाणार नाही.

साहित्य : एक नातवंड, त्याचे आईबाप, एक आजी, एक आजोबा ("तुम्ही जाऊन या, मी बसतो इथे" म्हणणारे असल्यास उत्तम), टोप्या, पाण्याच्या बाटल्या आणि डबा. बाहेरचं खाणं आत न्यायला इथे मनाई नाही, तेव्हा दशम्या खुशाल न्या. काचेची बरणी मात्र चालत नाही. लोणचं प्लास्टिकच्या डब्यात भरा. सेल्फी स्टिक घरीच ठेवा, ती २०१५पासून बंद आहे.

पायरी १ : उंची मोजा. किमान उंची ३८ इंच, म्हणजे साधारण ९७ सेंटिमीटर. नातवंड पट्टीखाली उभं राहिलं की आई म्हणते, "ताठ उभा राहा," बाबा म्हणतात, "बूट काढू नकोस," आणि आजी म्हणते, "अहो, सकाळी घरी मोजला तेव्हा भरला होता!" मोजणारी मुलगी गोड हसते आणि पट्टी आहे तिथेच ठेवते. वाद घालू नका. पोर कमी भरलं तर 'रायडर स्विच' मागा : आधी एक पालक बसून येतो, दुसरा पोराजवळ थांबतो, मग अदलाबदल, दुसऱ्याला सगळी रांग पुन्हा लावावी लागत नाही. सात वर्षांखालच्या मुलासोबत चौदा किंवा त्याहून मोठं कुणीतरी लागतं. ही अट आजोबा सहज पूर्ण करतात, हे त्यांच्या लक्षात आणून द्या.

पायरी २ : हिशोब मांडा. राइड जेमतेम तीन मिनिटांची. गर्दीच्या दिवशी रांग दीड तासाची. गाडीला पाच डबे, डब्यात चार माणसं, म्हणजे एका खेपेला वीस. जास्तीचे पैसे मोजून लवकर आत जायची सोय आहे, पण ते पैसे रुपयांत मोजायचे नाहीत. मोजल्यास आजोबा रांगेतच बसकण मारतात. दुपारी वळीव आला आणि विजा चमकू लागल्या तर राइड थांबते. तेव्हा सकाळी लवकर गाठा.

पायरी ३ : रांगेलाच राइड समजा. या मार्गदर्शनाचं सार इथे आहे. ज्यांनी हे बांधलं त्यांना दीड तासाचा हिशोब तुमच्याआधी माहीत होता. म्हणून रांग सरळ नाही, वळणावळणाने खाणीत शिरते. पुढे किती माणसं आहेत हे एका नजरेत कधीच दिसू देत नाहीत. दिसलं असतं तर निम्मी परतली असती. आत लाकडी पिंपं आहेत, ती गरगर फिरवली की छतावर चित्रं उमटतात. पाण्याच्या धारांना हात लावला की सूर निघतात. पडद्यावर रंगीत रत्नं वाहत येतात, ती रंग-आकार पाहून जुळवायची. हा शेवटचा खेळ मुलांसाठी ठेवलाय अशी समजूत आहे. प्रत्यक्षात तिथून आजोबांना ओढून न्यावं लागतं.

पायरी ४ : शक्यतो मागे बसा. पुढच्या रांगेसाठी हट्ट धरणारे नवशिके ओळखू येतात. पुढून दृश्य चांगलं दिसतं, हे खरं. पण चढ संपला तरी पुढचे डबे माथ्यावर रेंगाळतात, कारण मागच्या डब्यांचं ओझं अजून चढावर असतं. शेवटचा डबा माथ्यावर येईस्तोवर बाकीची गाडी उतारावर वेगात असते आणि ती त्याला खेचून नेते. पोटात गोळा येतो तो मागच्यांच्या. पोटात गोळा नको असलेल्यांना पुढे बसवा, आणि हा मान आहे असं सांगा.

पायरी ५ : वेगाचा बाऊ करू नका. ही गाडी जास्तीत जास्त ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास पळते. आपली विरार फास्ट याहून जोरात जाते आणि तिच्या दारात लोक लटकून पेपर वाचतात. मग इथे किंकाळ्या का? कारण खडक मुद्दाम कानाजवळून नेलेत. जवळची वस्तू सर्रकन मागे गेली की वेग दुप्पट वाटतो. शिवाय रूळ डोंगरात लपवलेत, पुढचं वळण दिसत नाही. जे दिसत नाही त्याचीच भीती जास्त. ही युक्ती डिस्नेकडे जुनी आहे. टोनी बॅक्स्टरने आखलेला 'बिग थंडर माउंटन' १९७९मध्ये कॅलिफोर्नियात उभा राहिला, तोही युटातल्या ब्राइस कॅन्यनच्या सुळक्यांसारखा, सगळं लोखंड पोटात घेऊन. बुटक्यांच्या गाडीत आणखी एक भर : डबे डावी-उजवीकडे झुलतात. आजीला हे आधी सांगा, नाहीतर "डबा निसटला गं!" ही आरोळी ठरलेली.

पायरी ६ : गाडी मंदावली की डोळे उघडा. मध्यावर गाडी अंधाऱ्या खाणीत शिरते आणि एकदम सावकाश होते. बुटके कुदळी मारताहेत, भिंतीत रत्नं लुकलुकताहेत. बाहुल्यांच्या चेहऱ्यांवर आतून चित्र पाडलेलं असतं, त्यामुळे डोळे, भुवया, ओठ खरोखर हलतात. पुढे चढ लागतो. चढावर कुठलाही कोस्टर रटाळच असतो, साखळी गाडीला रखडत वर नेते. पण इथे काम संपवून घरी निघालेल्या बुटक्यांच्या सावल्या शेजारून चालत जातात. गाडीचं जिथे काही चालत नाही, तिथे गोष्ट पुढे सरकते. सजावट म्हणजे रंगरंगोटी नव्हे, रटाळ जागा नेमक्या हेरणं, हे नवशिक्यांनी इथे शिकावं. माथ्यावर दोन गिधाडं बसलेली दिसतील. त्यांच्याकडे पाहत राहू नका, लगेच सगळ्यात मोठा उतार आहे.

पायरी ७ : संपलं असं समजून मांडीवरचा बार ढकलू नका. ब्रेक लागल्यावर स्टेशनात शिरण्याआधी गाडीची गती जाते. ही जागाही रिकामी सोडलेली नाही. डावी-उजवीकडे पाहा : झोपडीत स्नो व्हाइट बुटक्यांसोबत नाचते आहे आणि दाराशी चेटकीण उभी आहे. झोपडीतले काही बुटके १९७१च्या जुन्या स्नो व्हाइट राइडमधले आहेत. ती २०१२मध्ये बंद झाली, पण बाहुल्या जपून ठेवल्या. जुनं टाकवत नाही अशी माणसं तिकडेही आहेत, हे आजीला जरूर सांगा.

पायरी ८ : बाकावर कुणाला बसवू नका. वॉल्ट डिस्ने मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात नेत असे. मुली चक्रात बसायच्या, हा बाकावर बसून शेंगदाणे खायचा. आईबापांना आणि मुलांना एकत्र मजा करता येईल अशी जागा का असू नये, हा विचार त्याला तिथे सुचला, असं तो सांगत असे. कौटुंबिक कोस्टर हे त्या विचाराचं सगळ्यात सरळ उत्तर. उलटं होणं नाही, अफाट वेग नाही. उंची भरलेल्या सगळ्यात धाकट्याला आणि सगळ्यात थोरल्याला एका बाकड्यावर बसता यावं, एवढाच त्याचा उद्देश.

आणि आपण काय करतो? पर्सा, डबा, टोप्या आणि चार मोबाइल आजीच्या मांडीवर ठेवून तिला बाकावर बसवतो. मग संध्याकाळी फोटोत ती का नाही म्हणून हळहळतो.

तेव्हा शेवटची सूचना. हृदयाचा, पाठीचा, मानेचा त्रास असेल किंवा घरातली सून गरोदर असेल, तर या राइडच्या वाटेला जाऊ नका. तिथल्या पाटीवर तसं लिहिलेलंच आहे. बाकी कुणी "मला नको बाई" म्हणालं, तर तो नकार समजू नका. दोनदा आग्रह करा. पर्सा पायाशी ठेवता येतात.